न आलेलीची चिठ्ठी

आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी आयुष्यात एकाही माणसाला नुसतं बसू दिलं नाही. चार माणसं एका ठिकाणी दिसली की त्यांना कामं वाटून दिल्याशिवाय बाईंच्या जिवाला चैन पडत नसे. चंद्रपूर जिल्ह्यात पोंभुर्ण्याकडच्या त्या शाळेत मी गणित शिकवायला रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये पाणी पीत होतो, तर चष्म्यावरून माझ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही नुसतेच काऊन बसले?" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी मला शब्दवेच्या करून टाकलं. म्हणजे दुपारच्या मीटिंगमध्ये जे शब्द नेमके, विचित्र किंवा फुकट वापरले जातील ते मी टिपायचे. भूगोलाच्या सरांकडे प्रश्न काढायचं काम होतं आणि खुद्द मुख्याध्यापकांना शेवटी सगळ्याचं सार सांगायला लावलं होतं. मी नवा आणि कामसू, त्यामुळे मुख्याध्यापकांचा 'सदरहू' हा शब्द जितक्या वेळा आला तितक्या वेळा टिपला आणि बाईंच्या आग्रहावरून मोठ्यानं वाचूनही दाखवला. त्यानंतर बरेच दिवस मुख्याध्यापक माझ्याशी फक्त खाणाखुणांनी बोलत.

शाळेबाहेरही त्यांचा हा हात आवरत नसे. एकदा मूल गावाहून येताना आमची एसटी जंगलात बंद पडली. कंडक्टर वेळ घालवायला म्हणून मागच्या उन्हाळ्यात याच वळणावर दिसलेल्या वाघाची गोष्ट सांगू लागला. बाईंनी लगेच भाजीवालीला प्रश्न काढायला बसवलं, एका नवरदेवाला शब्द वेचायला लावले आणि एका पेंगणाऱ्या आजोबांना ही गोष्ट स्वतःच्या गावातल्या गोष्टीशी जोडून दाखवायला सांगितली. आजोबांनी अशी काही जोडून दाखवली की दुसरी बस येऊन उभी राहिली तरी कोणी उठेना. नवरदेव तर म्हणाला की शेवट ऐकल्याशिवाय तो काही चढायचा नाही, आणि त्याच्या घरच्यांनी त्याला दंडाला धरून चढवला. बाई मात्र सगळा वेळ रस्त्याकडेच्या सागाच्या झाडांकडे पाहून मान डोलवत होत्या, जणू तिकडूनही कोणी गोष्टीत भर घालत होतं. हा त्यांचा एक चाळाच होता. बोलता बोलता कोणी नसलेल्या बाजूला वळायच्या, क्षणभर थांबायच्या आणि मग "हो, तेही आहेच" म्हणून पुढे सुरू व्हायच्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. आम्ही सरावलो होतो, तरी त्या बाजूला बसायचं आम्ही टाळत असू.

कामं वाटायची ही पद्धत मुळात वर्गात कादंबरी वाचण्यासाठी होती आणि बाई ती कुठल्याशा शिबिरात शिकून आल्या होत्या. पण खेड्यातल्या शाळेत सगळ्या वर्गाला पुरतील इतक्या एकाच कादंबरीच्या प्रती आणायच्या कुठून? बाईंनी तोही प्रश्न सोडवला. बल्लारपूरला पेपर मिलच्या आसपास रद्दीचे ढीग लागतात, तिथल्या एका रद्दीवाल्याकडून त्यांनी लगद्यात जायला निघालेला एक गठ्ठा किलोच्या भावानं उचलून आणला. न खपलेल्या एकाच कादंबरीच्या त्या प्रती होत्या. सगळ्यांची कव्हरं फाडून घेतलेली, नावाचं पान नाही, लेखकाचा पत्ता नाही आणि शेवटची पानं प्रत्येक प्रतीतून गेलेली. भाषेच्या शिक्षकाला इतकी बेवारस वस्तू आणताना थोडा संकोच वाटावा, पण बाई ते ओझं बसमधून मांडीवर ठेवून घेऊन आल्या. वर म्हणाल्या, "नाव नाही ते बरंच झालं. पोरं आता मोठ्या माणसाचं पुस्तक म्हणून घाबरणार नाहीत."

मी ती कादंबरी त्याच आठवड्यात वाचली आणि मला बरं वाटलं नाही. जंगलाकडेचं एक गाव. एक बाई पहाटे मोहफुलं वेचायला जाते आणि परत येत नाही. बाकी सगळं पुस्तक म्हणजे गावानं पाहिलेली तिची वाट. ती कुठे गेली, तिचं काय झालं, हे पुस्तक सांगत नाही. आणि आमच्या नववीच्या वर्गात काजल होती. आदल्या वर्षी, मोहाच्याच दिवसांत, तिची आई टोपली घेऊन रानात गेली ती आली नव्हती. नाल्याच्या काठी टोपली सापडली, फुलांसकट. वाघाच्या पावलांचा माग नाल्यापर्यंत गेला आणि पाण्यात संपला. गावाला जे समजायचं ते समजलं होतं, पण बोलत कोणी नव्हतं. काजल शाळेत यायची, हजेरीला हात वर करायची आणि सुटली की घरी जायची. तेवढंच.

मी बाईंना म्हटलं की दुसरं पुस्तक बघा. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की त्या पोरीच्या घरी यावर कोणी बोलत नाही, गावात कोणी बोलत नाही, शाळेतही आपण बोलायचं नाही म्हटलं तर तिनं ते घेऊन जायचं कुठे. आणि मग नेहमीसारखं रिकाम्या बाजूला वळून क्षणभर थांबल्या. या वेळी मात्र "तेही आहेच" म्हणाल्या नाहीत.

थंडीचे दिवस होते. शनिवारी सकाळची शाळा, आणि आमच्याकडे त्या दिवसांत सकाळी धुकं इतकं उतरतं की मैदानातला झेंड्याचा खांब अर्ध्यातूनच सुरू झाल्यासारखा दिसतो. दर शनिवारी बाई बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या घालून वर्गात फिरवत. बहुतेक कोऱ्या असत, ती पोरं भोवती बसून ऐकणार. कामाच्या चिठ्ठ्या ज्यांना येतील त्यांनी मधे गोल करून बसायचं. एकानं प्रश्न काढायचे, एकानं शब्द वेचायचे, एकानं चितारी होऊन फळ्यावर प्रसंग काढायचा, एकानं पुस्तकातली गोष्ट आपल्या गावाशी जोडायची, एकानं शेवटी सार सांगायचं. इथपर्यंत ते शिबिरातलं होतं. त्याखेरीज बाईंनी आपल्या डोक्यातून एक काम काढलं होतं, 'न आलेली'. पुस्तकात जिच्याबद्दल सगळे बोलतात पण जी स्वतः कुठेच येत नाही, तिच्या जागी बसायचं. खिडकीजवळचा एक बाक त्यासाठी वेगळा ठेवलेला होता. तिला कोणीही काहीही विचारू शकेल. उत्तर द्यायचं की नाही, ते तिनं ठरवायचं.

पहिल्या शनिवारी ती चिठ्ठी काजलला आली. ती जाऊन बाकावर बसली आणि तासभर एक शब्द बोलली नाही. पोरांना वाटलं बाई रागावतील, पण बाईंनी तिला शाबासकी दिली आणि सांगितलं की न आलेलं माणूस असंच असतं. पुढच्या शनिवारी चिठ्ठी पुन्हा काजललाच आली. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. त्याच्या पुढच्या शनिवारीही तसंच झालं, तेव्हा दोघातिघांनी येऊन मला सांगितलं की बाई चिठ्ठीत गडबड करून राह्यल्या. मलाही तसंच वाटत होतं. स्टाफरूममध्ये मी बाईंना शक्यतेचं गणित समजावून सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं, अधूनमधून मान हलवली आणि शेवटी डबा माझ्याच हातात दिला. म्हणाल्या, "तुम्हीच करा मग चिठ्ठ्या, सर. माझा हात वाईट असंल."

मी केल्या. एकसारखे कागद, एकसारख्या घड्या. डबा चांगला हलवला, आणि काजल पहिल्या रांगेत बसते म्हणून मागच्या रांगेपासून फिरवला. एकेका पोरानं उघडून पाहिलं. कोरी, कोरी, प्रश्न, कोरी, चितारी. डबा काजलजवळ पोचला तेव्हा त्यात एकच चिठ्ठी उरली होती. तिनं ती उचलली, उघडून पाहिलीही नाही, आणि उठून खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. मी आयुष्यभर गणित शिकवलं आहे. त्या सकाळी फळ्याला टेकून उभं असताना मला त्याचा काही आधार वाटला नाही.

प्रश्नांचं काम त्या दिवशी रोशन नावाच्या एका धीट पोराकडे होतं. त्यानं बाकाकडे पाहत विचारलं, "तू कुठी आहेस?" काजल खिडकीतून बाहेर धुक्याकडे पाहत होती. "जवळच आहो," ती म्हणाली. वर्षभरात तिचा आवाज आम्ही हजेरीपुरताही धड ऐकला नव्हता, त्यामुळे तो तिचाच की नाही हे कोणाला सांगता आलं नसतं. आवाज चढा नव्हता, घोगरा नव्हता. डोक्यावरचं ओझं उतरवून बाई माणूस जसं दम खात बोलतं, तसा होता. रोशननं अडखळत विचारलं की मग हाका मारल्या तेव्हा ओ का दिली नाही. त्यावर ती म्हणाली, "ऐकू येते ना मले. तुमीच दुसरीकडं तोंड करून हाका मारता." रोशन पुढचा प्रश्न विसरला. मैदानापलीकडच्या झाडांवर वानरं खेकसत होती, ती एकदम गप्प झाली. आणि पूर्ण वर्गानं, माझ्यासकट, हळूच मान वळवून त्या रानाकडे पाहिलं, ज्याच्याकडे आमच्यापैकी कोणाचीच पाठ नसायला हवी होती.

एव्हाना त्या बाकाचीही कीर्ती झाली होती. जिल्ह्याहून तपासणीला एक साहेब आले आणि नेमके त्याच बाकावर जाऊन बसले. सगळ्या पोरांनी श्वास रोखला. साहेबांनी प्रश्न विचारायला तोंड उघडलं, थोडं सरकले, आणखी थोडं सरकले आणि अगदी टोकाला येऊन बाजूच्या मुलीला हळूच विचारलं, "इथे कोणी बसते काय?" ती म्हणाली, "हो सर, पण ते आली नाई." साहेब उठले आणि उरलेली तपासणी त्यांनी दारात उभ्याउभ्यानं केली. शेरा चांगला दिला. बाईंना त्यात काही नवल वाटलं नाही. त्यांची तक्रार एवढीच, की साहेबांना काही काम द्यायचं राहून गेलं.

गावात मात्र बोलणं सुरू झालं. मराठीच्या बाई पोरीच्या अंगात आणतात, असं लोक पाणवठ्यावर म्हणू लागले. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं आणि सदरहू प्रकार त्वरित थांबवा म्हणून सांगितलं. बाईंनी कबूलही केलं, फक्त येता शनिवार तेवढा होऊ द्या म्हणाल्या. आणि त्याच शनिवारी काजलचे वडील तिचा दाखला काढायला आले.

काटक, उंच माणूस. बायको गेल्यापासून त्यांनी जंगलात पाय ठेवला नव्हता आणि घरी तोंड उघडलं नव्हतं. तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्या टोळीत त्यांनी नाव दिलं होतं आणि काजललाही घेऊन जाणार होते. गाडी दोन-चार दिवसांत निघणार होती. मुख्याध्यापकांनी समजावून पाहिलं, मी पाहिलं. ते ऐकून घेत आणि पुन्हा दाखल्याचं विचारत. एकदा पोर टोळीबरोबर गेली की परत वर्गात येत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बाई तिथे आल्या. त्यांनी ना शिक्षणाचं महत्त्व सांगितलं ना सरकारी योजना. म्हणाल्या, "दाखला भेटंल, भाऊ. पण आता तिचा तास आहे. तेवढा होऊ द्या. आणि आलेच आहात तर नुसते नका बसू."

त्या त्यांना सरळ वर्गात घेऊन गेल्या आणि गोलात बसवून प्रश्न काढायचं काम त्यांना दिलं. मला वाचता येत नाही, असं ते पुटपुटले. त्याची गरज नाही, विचारायचं तेवढं विचारा, असं बाईंनी सांगितलं. त्या दिवशी चिठ्ठ्यांचा डबा फिरवलाच नाही. काजल आधीच बाकावर जाऊन बसली होती. बाहेर धुकं असं दाटलं होतं की खिडकीला पांढरं फडकं लावल्यासारखं वाटत होतं. एका मुलीनं वाचून दाखवलं, ती बाई टोपली घेऊन घरातून निघते तिथपर्यंत. मग सगळे थांबले. काजलच्या वडिलांनी बराच वेळ आपल्या हातांकडे पाहिलं. एवढ्या वेळात एखादं तरी पोर फिदकन हसायला हवं होतं, पण कोणी हललं नाही.

"ते एकटी काऊन गेली?" त्यांनी अखेर विचारलं. पुस्तकातल्या बाईबद्दलच विचारत होते.

"एकटी नवती जाणार," काजल म्हणाली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. "मांगून येतो म्हणला होता एक माणूस. मी पायवाटेवर थांबून थांबून पाह्यलं. मंग उन्ह वर आलं. उन्हानं फुलं वाळून जाते, म्हणून गेली आत."

त्या माणसाचा चेहरा राखेसारखा झाला. मी बाईंकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्या रिकाम्या बाजूला वळलेल्या नव्हत्या. बापलेकीकडेच पाहत होत्या, आणि पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं होतं.

"त्या माणसानं आता काय करावं?" वडिलांनी विचारलं. इतकं हळू, की मागच्या पोरांना ऐकूही गेलं नसेल.

बाकावरून उत्तर आलं. "आता मांगून येऊ नोको," ती म्हणाली. "पोरीपाशी बस."

थोड्या वेळानं घंटा झाली. काजल उठली, दप्तर उचललं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुमी सकाळपासून काई खाल्लं का नाई?" तिचे वडील डोकं गुडघ्यांत घालून बसले होते. पोरं त्यांना वळसा घालून, पायांचा आवाज न करता बाहेर गेली.

नंतर बोअरिंगजवळ तोंड धुऊन त्यांनी मला आणि बाईंना सांगितलं. त्या दिवशी पहाटे बायकोनं त्यांना उठवलं होतं, चला म्हणाली होती. हो, तू हो पुढं, मी मांगून येतो, असं म्हणून ते कूस बदलून झोपले. काजल तेव्हा मावशीकडे चंद्रपूरला होती. घरात तिसरं कोणी नव्हतं. "कोणालेच नाई सांगितलं म्या," ते म्हणत राहिले. "आजपर्यंत कोणालेच नाई." दाखला त्यांनी मागितला नाही. मिरचीची गाडी गेली त्यात ते नव्हते.

मी सोमवारी काजलला बाजूला घेऊन शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं की मागून येतो म्हणणारा माणूस तिनं कुठून आणला. तिला माझ्या विचारण्याचंच आश्चर्य वाटलं. "पुस्तकातच आहे ना, सर," ती म्हणाली, आणि दाखवते म्हणून पानं चाळू लागली. पुढे चाळली, मागे चाळली. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी विषय बदलला. त्या संध्याकाळी मी गठ्ठ्यातल्या सगळ्या प्रती तपासल्या. असा माणूस त्यांत कुठेही नव्हता. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या स्टोव्हवर चहा टाकत होत्या. त्यांनी मला आलं ठेचायचं काम दिलं. मग म्हणाल्या, "सर, मलाही भीती वाटली हो." बाईंना भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं, आणि का कोण जाणे, माझी थोडी कमी झाली.

मुख्याध्यापकांनी तास बंद करायचं पुन्हा काढलं नाही. पुढच्या शनिवारी न आलेलीची चिठ्ठी रोशनला आली. तो इतका घाबरला की बाकावर देवाचं नाव घेत बसला आणि एकाही प्रश्नाला धड उत्तर देऊ शकला नाही. काजलला चितारीचं काम आलं. तिनं फळ्यावर एक मोहाचं झाड काढलं, खाली फुलंच फुलं. मोहाचे दिवस आले तेव्हा तिचे वडील गावातल्या चारचौघांबरोबर, ढोल-डबे वाजवत, उन्हं पडल्यावर रानात जाऊ लागले. काजल आता चंद्रपूरला नर्सिंग शिकते. भेटली की भरपूर बोलते, कधी कधी जरा जास्तच.

बाई निवृत्त होऊन मूलला राहायला गेल्या त्यालाही काही काळ झाला. घरी एकट्याच असतात. डोळे गेले आहेत, ऑपरेशननंही फार फरक पडला नाही. मी रविवारी जमेल तसा जातो आणि त्यांना वाचून दाखवतो. गणितवाल्याचं वाचन ते, कुठे थांबायचं ते मला कळत नाही, आणि पूर्वीच्या बाई असत्या तर त्यांनी मला दर ओळीला टोकलं असतं. आता टोकत नाहीत. मागच्या रविवारी वाचता वाचता उन्हं कलली, खोलीत अंधारून आलं. बाईंची मान एका बाजूला झुकली होती, श्वास संथ चालला होता. झोप लागली असेल म्हणून मी आवाज हळू करत करत थांबलो आणि पुस्तक मिटणार, तेवढ्यात त्यांनी डोळे न उघडताच हात वर केला.

"वाचा, सर," त्या म्हणाल्या. "मी एकटीच नाही ऐकून राह्यली."

मी मागे वळून पाहिलं नाही. उठून दिवा लावला, आवाज थोडा वाढवला, आणि पुढे वाचायला लागलो.